सूचक

अर्जावर सूचक म्हणून माझी सही आहे.
मंदामधला अनुस्वार सुटला होता,
तहसीलच्या बाबूनं पेनाच्या टोकानं जागा दाखवली,
मी तो दिला. माझा गुन्हा एवढाच.

कांता मोहोड उभी राहिली
ही बातमी चक्कीवर पोचली,
तेव्हा चक्कीवाला म्हणाला, कशाला?
कुठल्या जागेसाठी, असं नाही.
कशाला, एवढंच.

मागच्या खेपेला जागा बायांची होती.
तेव्हा वासुदेवरावांनी बायको उभी केली,
भिंतीला शिडी उभी करावी तशी.
पाच वर्षं सही तिची, शिक्का त्यांच्या उशाखाली,
आणि मासिक सभेचा चहा तिच्या हातचा.
या वेळी चिठ्ठी निघाली : सर्वसाधारण.
पारावर म्हणाले,
"आता मोकळी झाली ना जागा माणसांसाठी.
मंग हे बाई काऊन मधात?"

आमच्या गावात माणूस म्हणजे कोण
हे कुणी कुणाला शिकवत नाही.

मग तिला बसवायला आले.
आधी चुलतसासरे, मग सोसायटीचे अध्यक्ष,
मग तिचा सख्खा भाऊ, मूर्तिजापूरहून,
मोटरसायकलच्या डिक्कीत साडी घेऊन.
बस म्हणाले. बसून घे. तीन वाजले नाहीत अजून.
सासू आतून म्हणाली, बाईनं लय वेळ उभं राहू नये,
पाय सुजतात.
बावीस वर्षं टँकरपाशी उभी,
रेशनच्या रांगेत उभी, मुतखड्याच्या सोनोग्राफीला उभी,
घरात मोठे बसले की दाराआड उभी, ती कांता
भावाला म्हणाली, मले सवय आहे रे.
साडी ठेवून घेतली तिनं. चांगली होती.

चिन्ह मिळालं शिट्टी.
झालं! रात्री पोट्टे
तिच्या दारावरून तोंडानं शिट्ट्या मारत गेले,
आणि वरून म्हणाले,
"प्रचारच तर करून राह्यलो ना काकू तुमचा."

पत्रकावर श्रीधरचा फोटो तिच्यापेक्षा मोठा आला.
तो बिचारा दर्यापूरला प्रेसवाल्याला म्हणाला होता,
माझा फोटो काढा.
त्यानं नवा काढला.

समाजमंदिरात ती बोलली. कागद न बघता बोलली.
आपल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी
चहात घातलं तर दूध फाटते,
मग आपल्या पोटात काय होत असन, म्हणाली.
पाइपलाइन कुठपर्यंत आली, कुठं अडली,
कोणत्या साली किती पैसा आला,
सगळं पाठ होतं तिला.
प्रश्न विचारा म्हणाली.
मागून एकच आला :
तू मीटिंगला गेल्यावर सयपाक कोण करन?
सगळे हसले. मीही हसले असेन.
आठवत नाही, पण हसले असेन.

सतरा मतांनी गेली.

आमच्या बचत गटात बाया सव्वीस.
हिशोबाची वही माझ्याकडे असते,
बेरीज, वजाबाकी, हातचा, सगळं येतं मला.
मोजणीच्या रात्री मी वही उघडली नाही.
सोमवारी हप्ता भरायला सव्वीसही आल्या.
कुणी कांताकडे बघत नव्हतं,
आणि सगळ्याच तिला, बस न माय, बस, म्हणत होत्या.
ती बसली. शंभर रुपये मोजून दिले.

शिट्ट्या शंभर आणल्या होत्या, प्लास्टिकच्या, लाल.
उरलेल्या पोरांनी नेल्या, काही चुलीमागे पडल्या असतील.

परवा पहाटे, अजून दिसत नव्हतं,
वरच्या आळीतून शिट्टी वाजली.
लांब. मध्येच फुसकी झाली, पुन्हा लागली.
कांताची सासू अंथरुणातूनच म्हणाली,
कोन व्हय थे, रातचा साप येते अशानं.
"टँकर आला," कांता म्हणाली,
आणि दोन गुंड घेऊन निघाली.

रांगेत आम्ही अकरा जणी होतो.
शिट्टी कुणाची, कुणी विचारलं नाही.
एकीची मूठ मिटलेली होती,
पाणी भरतानाही.